साथीच्या काळातली वैमानिकाची नोकरी

वैमानिकाचा पगार लाखांत असतो, मग त्याच्या नोकरीची काळजी बाकीच्यांनी कशाला करायची, असा सवाल २०२० साली पुष्कळांनी केला. डोक्यावर गाठोडे घेऊन मजूर शेकडो मैल चालत गावी निघाले होते, त्या दिवसांत तो सवाल गैरही वाटत नव्हता. त्या मजुरांच्या हालांशी वैमानिकांच्या अडचणींची बरोबरी कोणी करू नये, मीही करत नाही. पण म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. ज्याच्या हातात एका वेळी दीडशे-दोनशे माणसांचा जीव असतो, त्याच्या डोक्यात उद्या नोकरी राहील की नाही हा किडा वळवळत असेल, तर ती केवळ त्याच्या घरातली बाब उरत नाही. आणि कोविडच्या दोन वर्षांत जे घडले त्याचे परिणाम साथ ओसरल्यावरही विमानतळांवर ताटकळणारे प्रवासी भोगत राहिले.

आकडे आधी सांगतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या हिशेबाने जगात २०१९ साली सुमारे ४५० कोटी विमानप्रवासी होते, २०२० साली ते १८० कोटींवर आले. भारतात देशांतर्गत प्रवाशांची संख्या १४ कोटी ४१ लाखांवरून ६ कोटी ३० लाखांवर घसरली. २५ मार्च २०२० पासून ठीक दोन महिने देशातले एकही नियमित प्रवासी विमान उडाले नाही. २५ मेला वाहतूक सुरू झाली तीही एक तृतीयांश क्षमतेने, आणि देशांतर्गत विमानांवरची क्षमतेची मर्यादा पूर्ण उठायला ऑक्टोबर २०२१ उजाडला. परदेशांची नियमित उड्डाणे तर २७ मार्च २०२२ पर्यंत बंदच होती. जानेवारी २०२१ मध्ये जगभरातल्या वैमानिकांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात उत्तर देणाऱ्यांपैकी केवळ ४३ टक्के वैमानिक प्रत्यक्ष विमान चालवत होते, ३० टक्के बेकार होते आणि उरलेल्यांतले बरेच जण सक्तीच्या रजेवर होते.

धंदा बसला की नोकऱ्या जातात, हे सगळीकडेच होते. वैमानिकाच्या बाबतीत वेगळे काय, ते समजल्याशिवाय पुढचे काही नीट कळणार नाही. हिशेबनीस सहा महिने घरी बसला तरी त्याला बेरीज येते. वैमानिकाला मात्र प्रवासी घेऊन उडायचे तर गेल्या ९० दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग झालेली असावी लागतात. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा द्यावी लागते, ठरावीक मुदतीने मेडिकल पास व्हावे लागते. शिवाय त्याचे टाइप रेटिंग एका जातीच्या विमानाचे असते. एअरबस ३२० चालवणाऱ्याला उद्या बोइंग ७३७ वर बसायचे असेल तर नव्याने प्रशिक्षण, नव्याने खर्च. म्हणजे ज्या दिवशी उड्डाण थांबते त्या दिवसापासून त्याची पात्रता थोडी थोडी झिजायला लागते, आणि ती टिकवायचा खर्च एरवी कंपनी करते. नोकरी गेली की पगार जातो, सिम्युलेटरही जातो. त्यात बहुतेक जुन्या विमान कंपन्यांत ज्येष्ठता यादी हीच गीता. पंधरा वर्षे नोकरी केलेला माणूस दुसऱ्या कंपनीत गेला की यादीत तळाला, आणि कपातीची कुऱ्हाड पडते ती तळाकडूनच.

हे सगळे कोविडने प्रथम दाखवले असे नाही. २००३ साली सार्सची साथ आली तेव्हा आशियातल्या विमान कंपन्यांनी याची रंगीत तालीम केली होती, आणि तिच्यातला सर्वांत बोलका धडा सिंगापूरचा आहे. सिंगापूर एअरलाइन्सला एप्रिल ते जून २००३ या तिमाहीत तोटा झाला, तिच्या इतिहासातला पहिला. कंपनीने माणसे कमी केली आणि वैमानिकांच्या संघटनेकडे पगारकपात मागितली. संघटनेच्या नेत्यांनी ती मान्य केली. साथ मात्र जुलैतच आटोक्यात आली, प्रवासी भराभर परतले आणि कंपनी बघता बघता नफ्यात आली. आपण घाईने मान तुकवली, अशी भावना वैमानिकांत पसरली आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी मतदान करून आपल्याच नेत्यांना घरी पाठवले. तेव्हा खुद्द माजी पंतप्रधान ली क्वान यू मध्ये पडले. त्यांनी वैमानिकांना बोलावून सरळ सरळ दम भरला. या हालचालींमागे असल्याचा ठपका ठेवून एका परदेशी वैमानिकाचा कायम वास्तव्याचा परवाना काढून घेण्यात आला. २००४ साली कामगार संघटनांचा कायदाच बदलला आणि सभासदांची मंजुरी न घेता नेत्यांना करार करण्याची मुभा मिळाली.

सिंगापूर सरकारची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. इवल्याशा देशाचा सारा व्यापार विमानतळावर उभा, त्याला संप परवडणारा नव्हता. पण मूळ तक्रार खरी होती. साथीच्या भीतीत, अंधारात असताना, सही मागायची आणि उजाडल्यावर ती सही कायमची धरायची, हा व्यवहार न्याय्य नव्हे. कोविडमध्ये हाच व्यवहार कितीतरी मोठ्या प्रमाणावर झाला.

आता आपल्याकडे येऊ. साथ आली तेव्हा भारतातल्या वैमानिकांची एक आख्खी पिढी आधीच पोळलेली होती. २०१२ साली किंगफिशर बंद पडली, १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बसली. जेटचे कित्येक वैमानिक थकलेल्या पगारावर पाणी सोडून इतर कंपन्यांत रुजू झाले आणि जेमतेम वर्षभरात, नव्या ठिकाणी पाय रोवायच्या आत, टाळेबंदी आली. मार्च २०२० मध्येच गो एअरने परदेशी वैमानिकांची कंत्राटे संपवली आणि आपल्या लोकांना आळीपाळीने बिनपगारी रजेवर धाडले. एअर इंडियाने निवृत्तीनंतर पुन्हा घेतलेल्या वैमानिकांची कंत्राटे स्थगित केली. स्पाइसजेटमध्ये पगार उडालेल्या तासांवर गेला. विमानेच जमिनीवर होती, त्यामुळे ज्यांच्या वाट्याला मालवाहू फेऱ्या आल्या नाहीत त्यांच्या खात्यात एप्रिल-मेमध्ये काही जमा झाले नाही.

इंडिगोची कहाणी जरा तपशिलाने सांगण्याजोगी आहे, कारण ती देशातली सर्वांत मोठी आणि तेव्हा सर्वांत सुस्थितीतली कंपनी. मार्चमध्ये तिने वैमानिकांच्या पगारात १५ टक्के कपात जाहीर केली. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी स्वतःसाठी २५ टक्के लावून घेतली, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवे. एप्रिलमध्ये पगार कापू नका असे सरकारने आवाहन केल्यावर कपात मागे घेतली, मेमध्ये बिनपगारी रजेसह पुन्हा आणली. २० जुलैला १० टक्के कर्मचारी कमी करत असल्याचे सांगितले आणि जुलैच्या अखेरीस वैमानिकांची कपात २८ टक्क्यांवर नेली, वर महिन्याला साडेपाच दिवसांची बिनपगारी रजा. हळूहळू वाहतूक परतली, पण पगार त्याच वेगाने परतला नाही. एप्रिल २०२२ मध्ये ८ टक्के वाढ मिळाली तेव्हा विमाने जवळजवळ पूर्वीसारखी भरून जात होती. संपाच्या बेतात असल्याच्या संशयावरून काही वैमानिकांना निलंबित केले गेले. त्याच महिन्यात बातमी आली की काही वैमानिकांनी १२१.५ मेगाहर्ट्‌झवर पगाराचा राग शिवीगाळ करून काढला. ही वारंवारिता आणीबाणीची. संकटातल्या विमानाने हाक मारायची ती तिच्यावर, आणि आसपासची सगळी विमाने तिच्यावर कान ठेवून असतात. तिच्यावर भांडण करणे हा गुन्हाच आहे आणि त्याची चौकशी झाली ती योग्यच झाली. पण गाऱ्हाणे मांडायला दुसरी जागा उरली नाही म्हणजे माणसे कुठवर जातात, तेही त्यात दिसले. खाजगी विमान कंपन्यांत वैमानिकांच्या मान्यताप्राप्त संघटना आपल्याकडे जवळजवळ नाहीत. २००९ मध्ये जेटच्या वैमानिकांनी ती काढायचा प्रयत्न केला, दोघांना कामावरून काढले गेले आणि बाकीच्यांनी एकगठ्ठा आजारपणाची रजा टाकली, तेव्हा पाच दिवस गोंधळ माजला होता. पुढे खाजगी कंपन्यांत असे धाडस फारसे कोणी केले नाही.

एअर इंडियात संघटना होत्या, त्या बोलत होत्या, न्यायालयातही जात होत्या. तरी तिथे जे झाले ते कमी कठोर नव्हते. तेव्हाच्या या सरकारी कंपनीत वैमानिकाच्या पगारात मूळ वेतन थोडे असे, उड्डाणभत्ते फार. महिन्याला ७० तासांच्या भत्त्याची हमी असे. जुलै २०२० मध्ये ती हमी खाली आणली आणि भत्त्याचा दरही कापला. कागदावर कपात भत्त्यांची, घरी पोचणारी रक्कम मात्र निम्म्याहून कमी. त्याच महिन्यात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत बिनपगारी रजेवर पाठवण्याची योजना आली. याच वेळी हेच लोक परदेशांत अडकलेल्यांना आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेची विमाने घेऊन दुबई, लंडन, न्यूअर्क करत होते, परतल्यावर विलगीकरणात राहत होते.

मग १३ ऑगस्ट २०२० ची रात्र. एअर इंडियाने एका फटक्यात ४० च्या वर वैमानिकांची नोकरी संपवली. यांनी २०१९ मध्ये राजीनामे दिले होते, नोटिशीची मुदत संपायच्या आत मागेही घेतले होते, आणि त्यानंतर ते महिनोन्‌महिने कामावर होते. साथीत माणसे जास्त झाली तेव्हा जुने राजीनामे बाहेर काढून ते आता मंजूर केल्याचे कळवले गेले. पत्रे कार्यालयाची वेळ उलटून गेल्यावर आली. काही जण त्या वेळी ड्युटीवर होते, असे संघटनेने लगेच जाहीर केले. १ जून २०२१ ला दिल्ली उच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द करून या वैमानिकांना कामावर घ्यायला सांगितले. न्याय झाला खरा, पण त्यासाठी नऊ-साडेनऊ महिने लागले, आणि या काळात परवाना चालू ठेवायचा खर्च ज्याचा त्याने करायचा होता.

या प्रकरणात आपल्या नियमांतली सर्वांत मोठी विसंगती उघडी पडते, आणि या लेखात मला जे म्हणायचे आहे ते तिच्याभोवतीच आहे. २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) नियम केला की कमांडरला नोकरी सोडायची तर एक वर्ष आधी नोटीस द्यावी लागेल, फर्स्ट ऑफिसरला सहा महिने. वैमानिक अचानक निघून गेले तर उड्डाणे रद्द होतात आणि प्रवाशांचे हाल होतात, हे कारण दिले गेले, आणि ते पटण्यासारखे आहे. पण कंपनीने वैमानिकाला कमी करताना वर्षभर आधी कळवावे, असे बंधन त्या नियमात नाही. एका बाजूला बारा महिने आणि दुसऱ्या बाजूला रात्रीतून आलेले एक पत्र. साथीने हे असमान नाते निर्माण केले नाही, आधीपासून होते ते फक्त सगळ्यांच्या नजरेस आणून दिले.

दुसऱ्या देशांनी काय केले ते पाहिले की यातले काय टाळता आले असते ते कळते. अमेरिकेने मार्च २०२० च्या कायद्यात विमान उद्योगाच्या पगारांसाठी ३२ अब्ज डॉलर वेगळे काढले आणि अट घातली की ३० सप्टेंबरपर्यंत कोणाला सक्तीने घरी पाठवायचे नाही. मुदत संपली आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकन आणि युनायटेड या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे ३२,००० लोकांना घरी बसवले. डिसेंबरमध्ये पुन्हा पैसे मंजूर झाले तेव्हा त्यांना परत बोलावले. पैसा आणि नोकरी यांची गाठ किती थेट आहे ते यावरून स्पष्ट होते. ज्या कंपन्यांनी आधीची वर्षे आपलेच शेअर परत विकत घेण्यात नफा उधळला त्यांना जनतेचा पैसा का द्यायचा, ही टीका तिथे झाली आणि ती रास्त होती. पण वैमानिकांच्या दृष्टीने व्यवस्था चालली. डेल्टात सुमारे १,८०० जणांनी पैसे घेऊन लवकर निवृत्ती पत्करली आणि संघटनेशी करार होऊन तरुणांची कपात टळली. ब्रिटिश एअरवेजमध्ये कंपनी हजाराच्या वर वैमानिक काढायला निघाली होती. सगळ्यांनी मिळून २० टक्के कपात सोसायची, ती टप्प्याटप्प्याने ८ टक्क्यांवर आणायची, असा करार झाला आणि सक्तीने गेलेल्यांचा आकडा २७० पर्यंत खाली आला. ओझे वाटून घ्यायचे, आणि ते कधी उतरणार हे कागदावर लिहून घ्यायचे, हे दोन्ही त्यात होते.

हाँगकाँगने उलटे उदाहरण घालून दिले. जून २०२० मध्ये सरकारच्या पुढाकाराने कॅथे पॅसिफिकला ३९ अब्ज हाँगकाँग डॉलरची मदत मिळाली. सरकारी वेतनसाहाय्य घ्यायचे तर नोकऱ्या कापता येत नव्हत्या, तेव्हा दुसऱ्या हप्त्यासाठी कंपनीने अर्जच केला नाही. २१ ऑक्टोबरला तिने ८,५०० पदे रद्द केली, कॅथे ड्रॅगन ही आपली उपकंपनी बंद केली आणि उरलेल्या वैमानिकांसमोर नवी कंत्राटे ठेवली. त्यांतली कायमची कपात संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे ५८ टक्क्यांपर्यंत जात होती. मुदत थोड्या दिवसांची, सही केली नाही तर नोकरी नाही. बहुतेकांनी सह्या केल्या. पुढे जमेल तसे अनेक जण सोडून गेले, आणि २०२३ च्या नाताळात प्रवासी दारात उभे असताना वैमानिक कमी पडल्यामुळे कॅथेला उड्डाणे रद्द करावी लागली.

भारत सरकारने विमान कंपन्यांच्या पगारांसाठी थेट काही दिले नाही. भाड्यांवर कमाल-किमान मर्यादा घातल्या, कर्जहमीची सोय उशिराने केली. आपल्या तिजोरीची ताकद अमेरिकेएवढी नाही, हे मान्य. पण पैसे न देताही काही अटी घालता आल्या असत्या, निदान परवाने चालू ठेवण्यासाठी सिम्युलेटरची सोय कंपन्यांवर बंधनकारक करता आली असती.

सर्वांत कमी बोलले गेले ते शिकाऊंबद्दल. गोंदिया, बारामती, धुळे इथल्या उड्डाणशाळांतून दरवर्षी मुले व्यावसायिक परवाना घेऊन बाहेर पडतात. दोनशे तासांचे उड्डाण, वर टाइप रेटिंग, असा खर्च धरला तर तो कोटीच्या घरात जातो. जमीन किंवा राहते घर तारण ठेवून घेतलेले कर्ज असते. २०२० मध्ये परवाना हातात पडलेल्या मुलासमोर तीन वाटा होत्या: भरती नाही म्हणून थांबायचे, थांबताना परवाना जिवंत ठेवायला आणखी खर्च करायचा, किंवा दुसरे काही तरी काम धरायचे. यांची गणना बेकार वैमानिकांत झाली नाही, कारण त्यांना नोकरी लागलेलीच नव्हती. बँकांच्या हप्त्यांना काही महिने सवलत मिळाली, व्याज चालूच राहिले.

आता सुरक्षेचा मुद्दा, आणि इथे जपून बोलायला हवे. २२ मे २०२० ला कराचीत पाकिस्तान इंटरनॅशनलचे विमान पडले. त्यात विमानातले ९७ जण गेले. चाके न उघडता पहिले लँडिंग झाले, इंजिने धावपट्टीला घासली, विमान पुन्हा वर गेले आणि दोन्ही इंजिने बंद पडली. तिथल्या विमान वाहतूक मंत्र्यांनी संसदेत सांगितले की शेवटपर्यंत कॉकपिटमधले बोलणे करोनाविषयी चालले होते, वैमानिकांच्या घरच्यांना लागण झाली होती. ती चिंता आजाराची होती, नोकरीची नव्हे. पण मनावरचे ओझे विमानात चढताना खाली ठेवता येत नाही, एवढे त्यातून कळते. सहवैमानिकाने जाणूनबुजून विमान पाडले त्या २०१५ च्या जर्मनविंग्ज दुर्घटनेनंतर फ्रेंच तपास यंत्रणेनेही हेच नोंदवले होते की परवाना आणि मिळकत जाण्याच्या भीतीने वैमानिक आपला मानसिक त्रास लपवतात. ज्या काळात नोकरी आधीच धाग्यावर लटकलेली असते, त्या काळात डॉक्टरसमोर खरे बोलणे आणखी अवघड.

७ ऑगस्ट २०२० ला वंदे भारत मोहिमेतले दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान कोळिकोडला भर पावसात धावपट्टीवरून पुढे जाऊन कोसळले. २१ जणांचा जीव गेला. कॅप्टन दीपक साठे आणि फर्स्ट ऑफिसर अखिलेश कुमार दोघेही गेले. साठे हवाई दलातून आलेले, कुटुंब नागपूरचे. महाराष्ट्रात ती बातमी घरचा माणूस गेल्यासारखी लागली. तपास अहवालाने संभाव्य कारण म्हणून ठरलेली कार्यपद्धती न पाळल्याचे सांगितले, ते लपवण्याचे कारण नाही. पण त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे: कोळिकोडला पुरेसे कॅप्टन नव्हते, दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण साठेंनाच करायचे होते, आणि तिथेच उतरण्याच्या निर्णयावर या गोष्टीचे दडपण होते. माणसे किती ठेवायची हा मनुष्यबळ विभागाचा हिशेब धावपट्टीपर्यंत पोचतो तो असा.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत एअर इंडियाच्या वैमानिकांनी लस मिळाली नाही तर काम थांबवण्याचा इशारा दिला. प्राधान्याच्या यादीत त्यांचे नाव नव्हते, आणि सहकाऱ्यांच्या मृत्यूच्या बातम्या येत होत्या. पगार कापताना अत्यावश्यक नसलेला आणि विमान पाठवताना अत्यावश्यक असलेला असा हा कामगार होता.

पुढे काय झाले ते सगळ्यांनी पाहिले. प्रवासी परतले, २०२३ मध्ये देशांतर्गत आकडा १५ कोटींच्या वर गेला. कालपर्यंत जास्त वाटणारे वैमानिक कमी पडू लागले. अमेरिकेत डेल्टाने २०२३ मध्ये चार वर्षांत ३४ टक्के वाढीचा करार केला. आपल्याकडे त्याच साली ४३ वैमानिक अचानक गेल्यामुळे आकासा एअरने मुंबई उच्च न्यायालय गाठले, त्याच एक वर्ष-सहा महिन्यांच्या नोटिशीच्या आधारावर. विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोला वैमानिक पुरले नाहीत आणि हजारो उड्डाणे रद्द झाली. माणसे मोजून-मापून, काठोकाठ ठेवायची सवय साथीआधीचीच, पण साथीने ती पक्की केली.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. नोटिशीचा नियम दोन्ही बाजूंना सारखा करावा. वर्ष जमत नसेल तर दोघांनाही तीन महिने ठेवा. पगारात उड्डाणाच्या तासांची किमान हमी असावी आणि संकटातल्या प्रत्येक कपातीच्या करारात ती कधी संपणार याची तारीख लिहिलेली असावी. ज्याला कमी केले त्याचा परवाना वर्षभर चालू ठेवण्याची जबाबदारी कंपनीची असावी. शिकाऊंच्या कर्जाला संकटकाळात व्याजासकट स्थगिती मिळावी. हे सगळे डीजीसीए, अर्थखाते आणि विमान कंपन्या यांच्या हातात आहे, त्यासाठी नवा शोध लावायचा नाही. वैमानिकांच्या संघटनांना एवढेच सांगायचे आहे की आज विमाने भरून जात आहेत आणि कंपन्यांना तुमची गरज आहे. हे करार आत्ताच लिहून घ्या.